स्वस्त विमान खरंच स्वस्त आहे का? तिकिटाआधी हिशोब मांडा



गेल्या काही महिन्यांत प्रभाग संघाच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार येतोय. "ताई, दिल्लीच्या सरस मेळ्याला जायचंय. मोबाईलवर विमानाचं तिकीट चार हजारात दिसतंय. मग दीड दिवस रेल्वेत कशाला बसायचं?" प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी आज प्रदर्शनाला, प्रशिक्षणाला, परगावी नोकरी करणाऱ्या लेकीकडे जातात. विमान हे काही आता फक्त साहेबलोकांचं राहिलेलं नाही. आपणही बसावं, जरूर बसावं.

पण बसण्याआधी हिशोब करावा. पापडाच्या पाकिटाची किंमत काढताना आपण फक्त डाळीचा भाव धरतो का? नाही. मीठ, पापडखार, तेल, पिशवी, लेबल, मजुरी, गाडीभाडं, सगळं धरतो. मग विमानाच्या बाबतीत मोबाईलवर दिसलेला एकच आकडा आपण पूर्ण किंमत का समजतो? ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणूनच आज हे लिहायला बसले.

आमचा फसलेला हिशोब

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघी मेळ्यासाठी दिल्लीला गेलो. पुण्याहून एका स्वस्त विमान कंपनीचं तिकीट माणशी ४,३०० रुपयांना मिळालं. आम्ही खूश! सोबत पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला. खोकी घरच्या काट्यावर मोजली का? नाही मोजली. विमानतळावरच्या काट्याने मोजली. तिघींची मिळून ४५ किलोची मुभा आणि सामान भरलं ५८ किलो. जादा १३ किलोला किलोमागे ६०० रुपये. मागे लोकांची रांग, वेळ संपत आलेली. माल टाकून तर देता येत नाही. मुकाट्याने पैसे भरले.

शिवाय विमान पहाटे ५ वाजून ४० मिनिटांचं. तेच सगळ्यात स्वस्त होतं ना! त्या वेळी एसटी नाही, म्हणून रात्री साडेअकराला जीप करून निघालो. घरी आल्यावर वही उघडली तेव्हा हे असं दिसलं.

विमानाने जाताना:
- तीन तिकिटं: १२,९०० रुपये
- जादा वजन: ७,८०० रुपये
- रात्रीची जीप: ३,५०० रुपये
- एकूण: २४,२०० रुपये

रेल्वेच्या थर्ड एसीने गेलो असतो तर:
- तीन तिकिटं, १,८०० च्या आसपास धरून: ५,४०० रुपये
- पुण्यापर्यंत एसटी: ६०० रुपये
- वाटेतलं जेवण-चहा: ९०० रुपये
- एकूण: ६,९०० रुपये

फरक १७,३०० रुपयांचा. आमच्या पापडाच्या एका पाकिटामागे २० रुपये सुटतात. म्हणजे ८६५ पाकिटांचा नफा आम्ही जातानाच उडवून बसलो.

आता कुणी म्हणेल, वेळ वाचला की! खरंय. रेल्वेने दारापासून दारापर्यंत ३१ तास लागले असते, विमानाने ११ लागले. माणशी २० तास वाचले, तिघींचे मिळून ६० तास. म्हणजे तासाला जवळपास २९० रुपये देऊन आम्ही वेळ विकत घेतला. आणि त्या वेळेचं केलं काय? स्टॉल दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात मिळणार होता. दिवसभर खोक्यांवर बसून राहिलो.

खरी गंमत पुढे. येताना माल संपला होता, हात मोकळे होते, आणि परतीची तिकिटं काढलेली रेल्वेची! आमच्यातल्या एका ताईंची लेक त्याच आठवड्यात बाळंत झाली. त्यांना घरी लवकर पोचायचं होतं आणि त्या गाडीत बसून तास मोजत होत्या. जाताना रेल्वे आणि येताना विमान, असं उलटं केलं असतं तर पैसेही वाचले असते आणि लेकीजवळही वेळेत पोचता आलं असतं.

भाडं कमी कसं ठेवतात?

भारतात स्वस्त विमानाची सुरुवात २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने केली. पुढे स्पाइसजेट २००५ मध्ये, इंडिगो २००६ मध्ये आणि अकासा २०२२ मध्ये आली. सगळ्यांचं गणित साधारण एकच. एकाच जातीची विमानं घ्यायची, म्हणजे दुरुस्ती आणि सुटे भाग सोपे पडतात. विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवायचं. जमिनीवर उभं असलेलं विमान म्हणजे बसून खाणारा बैल! खुर्च्या जवळजवळ लावायच्या. आणि जेवण, आवडीची जागा, जादा सामान या सगळ्याचे वेगळे पैसे घ्यायचे.

यात लबाडी नाही. ज्याला फक्त बसून जायचंय त्याला कमी पैशांत जाता येतं. पण आपण सामानवाल्या बायका. आपल्याला त्या "वेगळ्या पैशांकडे" आधी बघावं लागतं.

एक शंका बऱ्याच जणींच्या मनात असते, की स्वस्त म्हणजे धोक्याचं का? तर तसं नाही. सुरक्षेचे नियम स्वस्त-महाग सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्यावर देखरेख ठेवतं.

फायद्याच्या बाजू

१. वेळ. पुणे-दिल्ली रेल्वेने २६-२७ तास, विमानात सव्वादोन तासांच्या आसपास. बाईच्या वेळेला किंमत नाही असं घरचे म्हणतील, आपण म्हणू नये. चार दिवसांची मजुरी बुडणं, जनावरांना दुसरं माणूस लावणं, लहान लेकराला सोडून जाणं, हाही खर्चच आहे. तो वहीत लिहा.

२. अडीनडीला उपयोग. परगावी कुणी आजारी पडलं, आणि रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं आणि गर्दीच्या गाड्या लगेच भरतात. विमानात आदल्या दिवशीही जागा मिळू शकते. महाग मिळेल, पण मिळेल.

३. तब्येत. कंबर, गुडघे धरलेल्या ताईंना दीड दिवसाचा प्रवास सोसत नाही. चालायचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर हवी म्हणून कळवा. ऐनवेळी मागू नका.

४. विमानतळ जवळ आले. केंद्र सरकारच्या उडान योजनेतली पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली. त्यातलं एक आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारं होतं. कोल्हापूर, नाशिक, जळगाव या ठिकाणीही विमानं आली. मात्र असे मार्ग कधी सुरू होतात, कधी बंद पडतात. म्हणून आज सेवा चालू आहे का, हे बघूनच बेत करा.

तोट्याच्या बाजू

१. सामान. देशातल्या प्रवासात बहुतेक स्वस्त कंपन्या माणशी १५ किलोची मोठी बॅग आणि हातात ७ किलोची एक पिशवी एवढंच नेऊ देतात. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो फुकट नेता येतं. विक्रीचा माल घेऊन जाणाऱ्या बाईसाठी हा फरक सगळ्यात मोठा. वजन जास्त होणारच असेल तर ते तिकिटासोबत किंवा निघण्याआधी मोबाईलवरून भरा. काउंटरवर तेच महाग पडतं.

२. तिकिटाचा भाव बदलतो. सकाळी चार हजार असलेलं संध्याकाळी सहा हजार होतं. दिवाळी, गणपती, उन्हाळी सुट्टीत तर विचारू नका. म्हणून "मागच्या वेळी अमकीला एवढ्यात मिळालं होतं" यावर बैठकीत ठराव करू नका.

३. तिकीट रद्द केलं तर. स्वस्त तिकिटातलं बरंचसं भाडं कापलं जातं, कधी सगळंच जातं. मेळ्याची तारीख पक्की झाली नसेल, तर असं तिकीट काढणं म्हणजे पाऊस न बघता पेरणी करणं.

४. आडवेळ. स्वस्त विमानं पुष्कळदा पहाटे नाहीतर मध्यरात्री असतात. खेड्यातून विमानतळ गाठायला खासगी गाडी लागते. बायकांनी रात्री-अपरात्री जायचं, तर ओळखीचा ड्रायव्हर आणि सोबत हवी. त्याचाही खर्च धरा.

५. वेळेची कडक शिस्त. एसटीमागे पळून ती थांबवता येते, विमान नाही. सामान घेणारं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, आणि आत चढायचं दार विमान सुटण्याच्या जवळपास २५ मिनिटं आधी. म्हणून दोन तास आधी पोचायचंच.

६. कंपनीच बंद पडली तर. या धंद्यात नफा फार थोडा. गो फर्स्ट या स्वस्त कंपनीची विमानं मे २०२३ मध्ये एकाएकी थांबली आणि आधीच तिकीट काढलेल्या लोकांचे पैसे अडकले. म्हणून उगाच सहा-सहा महिने आधी गटाचे पैसे अडकवू नका.

नावाची चूक: आपल्या बायकांचं खास दुखणं

शेजारच्या तालुक्यातल्या एका ताईंचं तिकीट भाच्याने काढलं. घरात हाक मारतात ते नाव आणि सासरचं आडनाव टाकलं. आधार कार्डावर मात्र माहेरचं नाव. दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, आधार बघितलं आणि बाजूला उभं केलं. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. शेवटी नवीन तिकीट काढावं लागलं, दुपटीहून जास्त पैशांत.

लग्नानंतर आपलं नाव बदलतं, कागदावरचं बदलतंच असं नाही. बँकेत एक, आधारला एक, रेशन कार्डावर तिसरंच. म्हणून तिकीट काढणाऱ्याच्या हातात आधार कार्ड द्या आणि त्यावर जे नाव आहे तेच अक्षर न् अक्षर टाकायला सांगा. तिकीट आलं की त्याच दिवशी मोठ्याने वाचून घ्या. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरून काढलेल्या तिकिटात नावाची लहानशी चूक असेल, तर २४ तासांच्या आत ती पैसे न घेता दुरुस्त करून मिळते. म्हणून कळवायला उशीर करू नका.

दुसरं म्हणजे मोबाईल नंबर. तिकिटावर आपलाच नंबर टाका. एजंटचा किंवा भाच्याचा असेल, तर विमान रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो आणि आपण विमानतळावर जाऊन बसतो. शिवाय संपर्काची नीट माहिती दिलेली नसेल तर भरपाईचा हक्कही जातो.

बॅगेत काय, कुठे भरायचं?

- लोणचं, तूप, तेल, ओली चटणी: मोठ्या बॅगेत, घट्ट झाकण लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या पिशवीत नेलं तर काढून घेतात.
- तिखट आणि मसाले: हेही मोठ्या बॅगेतच.
- सुकं खोबरं: कुठल्याच बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. मसाल्यासाठी खोबरं न्यायचंच असेल तर दिल्लीत विकत घ्या.
- विळी, सुरी, कात्री, अडकित्ता: मोठ्या बॅगेत.
- काडेपेटी, लायटर, गॅसची टाकी: अजिबात नको.
- मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक: फक्त हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत ठेवली तर बॅग उघडायला लावतात.
- भाकरी, चपाती, कोरडी भाजी, लाडू: हातातल्या पिशवीत चालतात. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाल्यावर आत भरून घ्या. विमानातलं खाणं महाग असतं, घरची भाकरी खायला लाजू नका.

मोबाईलवर चेक-इन करताना खिडकीची जागा, पुढची जागा असे पर्याय पैशांसहित समोर येतात. ते घ्यायलाच हवेत असं नाही. ते सोडून पुढे गेलात तरी जागा मिळतेच. मोबाईलवर जमलं नाही तर काउंटरवर जाऊन पास घ्या. त्याचे जादा पैसे घेऊ नयेत, असं विमान मंत्रालयाने २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलेलं आहे.

आपले हक्क माहीत असू द्या

तिकीट स्वस्त असलं तरी हक्क स्वस्त होत नाहीत.

- तिकीट आपण रद्द केलं आणि भाडं परत मिळणार नसलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. मागा.
- पुणे-दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या प्रवासात विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर थांबलेल्या प्रवाशांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे.
- सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते आपण ठरवायचं.
- विमान रद्द झालं, वेळेत कळवलं नाही, आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर भरपाई मिळते. प्रवास किती तासांचा यावरून तिची मर्यादा ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये असते. आपलं मूळ भाडं आणि इंधनाचा आकार मिळून त्याहून कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. धुकं, वादळ अशा कारणांसाठी भरपाई नाही.

विमानतळावर भांडत बसण्यापेक्षा काउंटरवर लेखी मागा, पावती आणि पास जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार करता येते. आणि एक सांगते, पैसे परत मिळवण्यासाठी इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही नंबरला फोन करू नका. "ताई, ओटीपी सांगा" म्हणणारा माणूस कंपनीचा नसतो. नंबर तिकिटावर असेल तोच वापरा.

मग विमान की रेल्वे?

तिकीट काढण्याआधी गटात बसून ही सहा उत्तरं वहीत लिहा.

१. सामान किती किलो? घरच्या काट्यावर मोजून लिहा. अंदाजाने नको.
२. घरापासून विमानतळापर्यंत आणि तिथून पुढे मुक्कामापर्यंत गाडीला किती?
३. तारीख पक्की आहे का? बदलली तर किती पैसे बुडतील?
४. वाचलेल्या तासांचं आपण नेमकं काय करणार?
५. आयोजकांकडून प्रवासभाडं कोणत्या दराने मिळणार? निमंत्रणाच्या पत्रात नसेल तर कार्यालयात विचारा. वरचा फरक गटाच्या माथी येतो.
६. रेल्वेचा सगळा खर्च किती? दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा.

माल जड असेल आणि तारीख दोन महिने आधी माहीत असेल, तर रेल्वे. किंवा माल आधी पार्सलने पाठवा आणि आपण हलक्या हाताने जा. प्रशिक्षणाला, बैठकीला एका पिशवीवर जायचं असेल, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर विमान परवडू शकतं. आणि मेळ्याहून परत येताना, माल विकून बॅगा हलक्या झाल्यावर, विमानाचा भाव एकदा बघून घ्याच.

आमच्या प्रभाग संघात आता ठरलंय. प्रवासाचा ठराव लिहिताना नुसती तिकिटाची किंमत लिहायची नाही, दारापासून दारापर्यंतचा पूर्ण खर्च लिहायचा. यंदा मेळ्याला निघालेल्या ताईंनी तसंच केलं. जाताना रेल्वे, आणि दोघींची येतानाची तिकिटं विमानाची. त्यातली एक आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. सासूबाईंनी तिला एकच विचारलं, "खिडकीजवळ बसशील ना गं?" ती म्हणाली, "आत्या, त्याचे वेगळे पैसे पडतात. फुकट मिळाली तर बसेन."

हिशोब शिकलेली बाई अशी बोलते! पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा, आणि तुमच्या गटाचा असा काही अनुभव असेल तर आकड्यांसकट आम्हाला लिहून पाठवा.